वाहनतळातील धडक : दोष कोणाचा, भरपाई कोणाची

वाहनतळातल्या धडकेत वेग थोडा असतो, सहसा कोणी जखमी होत नाही, पोलीस येत नाहीत. त्यामुळे दोष कोणाचा हा प्रश्न तिथेच सोडून दिला जातो.  मोटार सर्व्हेअरांच्या परिषदेच्या या अध्यक्षीय भाषणात या एकाच प्रश्नाचा विचार केला आहे.

पहिला मुद्दा जागेचा. वाहनतळ खासगी असला की मोटार वाहन कायदा तिथे लागू होत नाही, असा समज अजून पसरलेला आहे. १९८८ च्या कायद्याच्या कलम २(३४) मध्ये सार्वजनिक जागेची व्याख्या रस्त्यापुरती थांबत नाही. लोकांना प्रवेशाचा हक्क असलेली इतर जागाही तिच्यात येते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८८ मध्येच, प्रवेश नियंत्रित असला तरी जागा सार्वजनिक ठरू शकते, असा व्यापक अर्थ लावला आहे. मॉलचे तळघर किंवा नाट्यगृहाचे आवार विम्याच्या कक्षेबाहेर आहे, असे म्हणणे म्हणूनच टिकत नाही.

दोषाचे ठोकताळे फारसे अवघड नाहीत. नीट उभ्या असलेल्या गाडीला चालती गाडी धडकली, तर दोष चालत्या गाडीचा. रिव्हर्स घेणाऱ्याने मागे कोणी नाही याची खात्री करून घ्यायची असते, म्हणून मधल्या वाटेने जाणाऱ्या गाडीशी टक्कर झाली तर पहिला संशय त्याच्यावर. दोन्ही गाड्या रिव्हर्समध्ये असतील तर दोष बहुधा विभागला जातो. दार उघडताना ठोकर बसली तर दार उघडणाऱ्याचा.

दिल्लीतल्या कोपर्निकस मार्गावर मात्र प्रश्न वेगळ्या रूपात पुढे येतो. कमानी सभागृह, दूरदर्शन भवन, जुने महाराष्ट्र सदन, फरीदकोट हाऊसमधले हरित न्यायाधिकरण अशा वर्दळीच्या जागा या छोट्या रस्त्यावर आहेत. दिल्लीत जिथे जिथे अशी दाटी होते तिथे एकामागे एक गाड्या लावतात आणि मागची गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक न ओढता ठेवायला सांगतात, म्हणजे पुढची काढताना ती हाताने ढकलता येते. ढकललेली गाडी घरंगळून तिसरीवर आदळली तर? कलम १२६ नुसार चालक जागेवर नसेल तर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा, नाहीतर गाडी आपोआप हलणार नाही अशी दुसरी तजवीज हवी. म्हणजे वाहनतळावरच्या परिचराच्या सांगण्यावरून ब्रेक सोडून गेलेला मालकही दोषाच्या वाट्यातून सुटत नाही. ढकलणाऱ्याचा आणि त्याला नेमणाऱ्या कंत्राटदाराचा वाटा अर्थातच मोठा.

चावी दिली की जबाबदारीही जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने १४ नोव्हेंबर २०१९ रोजी ताजमहाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या खटल्यात स्पष्ट केले. १९९८ साली दिल्लीतल्या त्या हॉटेलात व्हॅलेकडे सोपवलेली मारुती झेन चोरीला गेली होती. चावी घेणारे हॉटेल गाडीचे उपनिहिती, म्हणजे ती सांभाळण्यासाठी ताब्यात घेणारे, ठरते, आणि पुरेशी काळजी घेतल्याचे दाखवल्याशिवाय ‘मालकाच्या जबाबदारीवर’ या छापील ओळीमागे त्याला लपता येत नाही. खटला चोरीचा असला, तरी व्हॅलेच्या हातून पडलेल्या पोच्यालाही हेच तत्त्व लागू पडायला हवे.

गाड्या हलवल्यावर दोष ठरवताच येत नाही, असे अनेक सहकारी म्हणतात. प्रस्तुत वक्त्याच्या पाहणीतले एक प्रकरण या वादाला पुरेसे आहे. एका इस्पितळाच्या तळघरात एका निवृत्त शिक्षकांच्या उभ्या गाडीला रिव्हर्स घेणाऱ्या गाडीने घासले. समोरचा म्हणे, दोन्ही गाड्या चालत होत्या. शिक्षकांच्या गाडीच्या चाकाच्या रिमवर एकच आडवा, सरळ ओरखडा होता. चाक फिरत असते तर तो कमानीसारखा वळलेला उमटला असता. गाडी उभी होती, हे त्या रिमने सांगितले आणि अहवालात तसे लिहिलेही गेले.

त्या अहवालाचा काहीच उपयोग झाला नाही. विमा कंपन्यांमध्ये नॉक-फॉर-नॉक नावाचा करार आहे: दोन्ही गाड्यांची पॅकेज पॉलिसी असेल तर प्रत्येक कंपनी आपापल्या ग्राहकाचे नुकसान भरते आणि दोषाच्या वाटेला जात नाही. कंपन्यांचा पत्रव्यवहार वाचतो. पण शिक्षकांच्या प्लॅस्टिक बंपरवर ५० टक्के घसारा कापला गेला, सक्तीची वजावट गेली आणि वर्षानुवर्षे दावा न करता मिळवलेली ५० टक्के एनसीबी (नो क्लेम बोनस) शून्यावर आली. धडक देणाऱ्याच्या पॉलिसीतले साडेसात लाखांपर्यंतचे तृतीय पक्ष मालमत्ता संरक्षण जसेच्या तसे राहिले. कलम १६५ नुसार न्यायाधिकरणाकडे जाता येते. एका बंपरसाठी कोण जाणार? हा निर्दोष माणसावर बसवलेला दंड आहे, आणि तो बसवताना सर्व्हेअर गप्प राहतो, ही या व्यवसायाची मोठी उणीव आहे. २०१५ च्या विनियमांनी ५० हजारांखालच्या मोटार दाव्यांना परवानाधारक सर्व्हेअरची सक्तीही ठेवली नाही. वाहनतळातले बहुतेक पोचे त्याखालचेच.

कंपन्यांनी परस्पर भरपाई करूनही दोष लिहिता येतो, हे फ्रान्सने दाखवले आहे. तिथे १९६८ पासून विमा कंपन्यांमध्ये असा करार आहे, पण जबाबदारी ठरलेल्या तक्त्याने वाटली जाते. युरोपात दोन्ही चालक जागेवरच एक अर्ज भरून सही करतात. त्यात प्रसंगाचे १७ रकाने आहेत आणि पहिलेच रकाने गाडी उभी होती, जागेतून निघत होती, जागेत शिरत होती असे आहेत.

असा एकपानी अर्ज मराठी, हिंदी आणि इंग्रजीत तयार व्हावा. मसुद्याचे काम या परिषदेने हाती घ्यावे, तपशील पुढे ठरतील. वाहनतळ चालवणाऱ्यांनी सीसीटीव्हीचे चित्रण मागणीबरोबर राखून ठेवावे, नाहीतर काही दिवसांत ते पुसले जाते. सभासदांना विनंती एवढीच, की रक्कम कितीही लहान असो, अहवालात दोषाचा परिच्छेद कोरा सोडू नये. आणि ज्याची गाडी नियमानुसार उभी होती त्याची एनसीबी कापू नये, ही मागणी विमा नियामकाकडे लेखी जावी.