पैशाचा पूर आणि भावाचा फुगा
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



चलन आणि गुंतवणूक हा विषय ऐकताच मागच्या बाकांवर चुळबूळ सुरू झाली आहे. पण आपल्या कोकणात कितीतरी घरांची चूल आखातातून आलेल्या पैशावर पेटते. म्हणून मी कुवेतचीच हकीकत सांगणार आहे.

आज नवल वाटेल, पण एके काळी कुवेतच्या बाजारात आपला रुपया चालत असे. सोन्याच्या चोरट्या व्यापारात आपली परकीय गंगाजळी वाहून जाऊ लागली, तेव्हा 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळ्या नोटा काढल्या. 1961 मध्ये कुवेतने आपला दिनार आणला. त्या वेळी एका दिनाराचे 13 रुपये 33 पैसे होत. 6 जून 1966 रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि 4 रुपये 76 पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना गेला. पुढेही रुपया उतरतच राहिला. आज एका दिनाराला 270 रुपयांहून अधिक मोजावे लागतात.

आता एक हिशेब करू. समजा, 1961 साली कोणी 300 दिनार पाठवून 4,000 रुपयांची जमीन घेतली. आज तिचे 81,000 रुपये आले, तर मालक म्हणेल, वीसपट झाले! 270 च्या दराने ते दिनारात मोजा. बरोबर 300. जमीन चढली नाही, मोजायची फूटपट्टीच आखूड झाली. आणि ज्याने तेच रुपये पेटीत जपून ठेवले, त्याच्या हाती आज पंधरा दिनारही येणार नाहीत.

ही झाली चलनाची गोष्ट. पैशाचा पूर आला की काय होते, ते कुवेतनेच पाहिले. 1973-74 मध्ये तेलाचे भाव चौपट झाले. सरकारी तिजोरीतला पैसा लोकांच्या हाती आला. सरकार नागरिकांच्या जमिनीही चढ्या भावाने विकत घेई. देश लहान, कारखाने थोडे. पैसा जाणार कुठे? जमिनीत आणि शेअरात. 1977 मध्ये शेअर कोसळले, तेव्हा सरकारने ठरावीक भावाने ते विकत घेऊन लोकांना सावरले. लोकांनी धडा घेतला, पण भलताच: बुडालो तर सरकार आहे! माझ्या मते पुढच्या अनर्थाचे बी इथेच पडले.

अधिकृत बाजारावर नियम कडक झाले, तशी गर्दी ‘सूक अल्-मनाख’कडे वळली. मनाख म्हणजे उंट बसवण्याची जागा. तिथल्या एका वातानुकूलित इमारतीत बहारीन आणि अमिरातीत नोंदलेल्या कंपन्यांचे शेअर विकले जात. त्यांतल्या काहींचा व्यवसाय कागदापलीकडे नव्हता. खरेदीदार रोख देत नसे, पुढच्या तारखेचा चेक देई, आणि त्यात भरमसाट जादा रक्कम लिही. भाव चढला की शेअर विकून चेक वटवायचा, असा बेत. विकणारा त्या चेकच्या भरवशावर आणखी शेअर घेई आणि स्वतःचा चेक फाडी. विद्यार्थी मित्रांनो, इथे नीट लक्ष द्या. नोटा छापण्याचा अधिकार सरकारचा, पण इथे ज्याच्या खिशात चेकबुक तो नोटा छापत होता! त्या पैशाने भाव चढत आणि चढलेला भाव पाहून नवे चेक निघत.

चेक कायद्याने तारखेआधीही बँकेत भरता येई. कोणी भरत नसे, एवढेच. ऑगस्ट 1982 मध्ये एका मोठ्या सट्टेबाजाचे चेक भरले गेले आणि परत आले. तो पासपोर्ट कचेरीत काम करणारा तरुण होता. मग सारी माळ ओघळली. थकलेल्या चेकांची बेरीज सुमारे 94 अब्ज डॉलर भरली. देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या कित्येक पट! कोण कोणाला किती देणे लागतो, याची वजावट करायला खास संस्था स्थापावी लागली. लहान गुंतवणूकदारांसाठी सरकारने निधी उभारला, तरी निस्तरायला वर्षे गेली आणि बँका बुडीत कर्जांखाली वाकल्या.

हे सारे दूर देशी घडले, असे समजू नका. रजेवर आलेल्या मुलाकडे दलाल येतो. प्लॉट दाखवतो, “सहा महिन्यांत दुप्पट” म्हणतो. त्याला विचारा, या जमिनीत पिकते काय? भाडे किती येईल? कालपर्यंत कोणी कितीला घेतली, आणि रोख घेतली की कर्जाने? सातबारा स्वतः वाचा. दुप्पट होते म्हणणारा स्वतः का विकतो, हेही विचारायला लाजू नका.

आणि भगिनींनो, घरखर्चाची वही तुमच्या हाती असते, म्हणून तुम्हाला सांगतो. दोन वर्षांनी लेकीच्या कॉलेजची फी भरायची असेल, तर ते पैसे वेगळ्या खात्यात मुदत ठेवीत टाका आणि दलालासमोर त्यांचा उच्चारही करू नका. व्याज महागाईला पुरणार नाही, हे मान्य आहे. पण प्रवेशाच्या दिवशी कारकून प्लॉटचा भाव विचारत नाही, तो फीचे पैसे मागतो.