ताकदीचा डबा आणि रक्तदाब



आमच्या वसमतकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये हळदीची काढणी सुरू झाली, की दवाखान्यातली गर्दी रोडावते. काढणं, शिजवणं, वाळवणं या धबडग्यात आजारी पडायला कुणाला सवड नसते. अशाच एका हंगामात पंचावन्न वर्षांचे एक शेतकरी आले. वर्षभर बीपीची गोळी नियमित घेणारे. तरी रक्तदाब भरला १७८/१०८. छातीत धडधडतंय, झोप नाही, म्हणाले.

"नवीन काही औषध?" मी विचारलं. "नाही साहेब." चार प्रश्नांनंतर हळूच म्हणाले, "पोरानं ताकदीचा डबा आणलाय. ते काय औषध नाही."

डबा मागवला. एका चमच्याला २०० मिलिग्रॅम कॅफिन, आणि हे दिवसाला दोन चमचे घेत होते! म्हणजे साधारण चार कप कडक कॉफी. यादीत खाली गुआराना होता. त्यातही कॅफिनच असतं, पण नावावरून कुणाला कळणार? कॅफिन रक्तदाब चढवतं, झोप उडवतं. अपुऱ्या झोपेनं तो आणखी चढतो.

'आयुर्वेदिक आहे, अपाय नाही' हे वाक्य मी रोज ऐकतो. ज्येष्ठमध आपल्या घरचंच, खोकल्याला चघळलं तर बिघडत नाही. पण शक्तिवर्धक चूर्णातून ते महिनोन्महिने पोटात गेलं तर शरीर मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम बाहेर टाकतं आणि रक्तदाब वाढतो. एफेड्रा ही वनस्पतीच, पण ती असलेल्या पूरक पदार्थांवर अमेरिकेनं २००४ मध्ये बंदी घातली. पाण्यात फसफसणाऱ्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांत सोडियम असतं, हेही बीपीवाल्यांनी ध्यानात ठेवावं. आणि मर्दानी ताकदीच्या बिननावाच्या कॅप्सूल! त्यांत सिल्डेनाफिल गुपचूप मिसळलेलं सापडतं. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली गोळी ठेवणाऱ्यांचा रक्तदाब त्यानं एकदम कोसळू शकतो.

डबा बंद केला. पण या माणसाला थकवा का होता? खरं सांगायचं तर तीन महिन्यांपूर्वी त्यांनी मला 'गळून जातं' असं सांगितलं होतं. मी 'उन्हाचं आहे' म्हणून सोडून दिलं. तेव्हाच तपासलं असतं, तर डबा घरात आला नसता. बीपीच्या काही गोळ्यांनीही मरगळ येते, त्या बदलता येतात. मनानं बंद करू नयेत, एवढंच. यांचं रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन साडेआठ. खोदून विचारल्यावर मान खाली घालून म्हणाले, मूळव्याध आहे, सहा महिने रक्त जातंय. बायकोलाही बोलले नव्हते.

मूळव्याधीचा इलाज झाला, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन आठवड्यांनी रक्तदाब १४२/८८. जाताना विचारतात, "साहेब, डबा अर्धा शिल्लक आहे, महागाचा आहे. व्याह्याला देऊ का?"

"व्याह्यांना बीपी आहे का?"

"तपासलंच नाही कधी."

"मग डबा नको, व्याह्यांना घेऊन या," म्हटलं.