व्यालेल्या मेंढीचा खुराक, कोकराचं वजन



कापूस-ज्वारीचं वर्ष बुडालं की कोरडवाहू घर मेंढरं-शेरडं विकून तरतं. म्हणून आज मेंढीचा हिशेब मांडू.

पावसाळ्याच्या तोंडी फळलेली मेंढी पाच महिन्यांनी, कार्तिक-मार्गशीर्षात विते. तेव्हा रानातलं गवत वाळलेलं असतं. दिवसभर चरून पोट भरतं, पण दूध उतरत नाही. कडब्यात प्रथिनं थोडी, आणि दुधातल्या मेंढीची गरज भाकड मेंढीच्या जवळपास दुप्पट. मग ती अंगावरचं झिजवून दूध देते आणि लवकर आटते. कोकराला पहिले तीन आठवडे दूध हाच आधार. त्याचं किलोभर वजन वाढायला सुमारे पाच किलो दूध लागतं.

उपाय आपल्याच रानातला आहे. ज्वारीचा भरडा, सरकी पेंड आणि तुरीची चुणी समभाग घ्यावी. वर चिमूटभर मीठ व क्षारमिश्रण. संध्याकाळी मेंढरं परतली की दर मेंढीला पाव किलो, जुळं असेल तर थोडं जास्त. सुरुवात मूठभरापासून करून आठ-दहा दिवसांत पाव किलोवर यावं. एकदम भरडा घातला तर पोट बिघडतं. पाणी भरपूर हवं. सरकी पेंड मेंढीला चालते, लहान कोकराला देऊ नये. वेल्याबरोबर कोकराला चीक पाजायला विसरू नये.

आता खर्च. पाव किलोप्रमाणे ४५ दिवसांत सव्वाअकरा किलो खुराक. घरची ज्वारी फुकट धरू नका. बाजारभावानंच धरा, घरच्यांची मजुरीही धरा. एकाच आठवड्यात व्यालेल्या मेंढ्यांपैकी निम्म्यांना खुराक द्या, निम्म्यांना नेहमीसारखं चारा. कोकरं जन्मल्या दिवशी आणि ४५ व्या दिवशी तोला. जादा वजनाची किंमत खर्चापेक्षा अधिक भरली तरच पुढं चालू ठेवा.

आणखी एक. व्यापारी कोकरू नजरेनं उक्तं घेतो. नजरेच्या सौद्यात आपण वाढवलेलं वजन त्याच्या खिशात जातं. आपली सरकी कापसाबरोबर स्वस्तात जाते आणि पेंड होऊन महाग परत येते, तसंच हे. म्हणून गावानं मिळून एक तराजू घ्यावा. वजनाशिवाय कोकरू विकायचं नाही, हे आजच्या बैठकीत ठरवू या.