परतीची वारी

आषाढी एकादशी झाली की पंढरपूरचं एसटी स्थानक ओसंडून वाहतं. द्वादशीला उपवास सोडून बहुतेक वारकरी घरची वाट धरतात; पेरण्या खोळंबलेल्या असतात. पण माउलींची पालखी अजून पंढरपुरातच असते. पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो आणि त्याच दिवशी ती आळंदीकडे निघते, पायीच.

ही परतीची वारी. जाताना ज्येष्ठ वद्य अष्टमीपासून सतरा-अठरा दिवस लागतात. येताना जेमतेम दहा. त्यामुळे दोन मुक्कामांचं अंतर अनेकदा एका दिवसात तोडावं लागतं. वाटेत तीच गावं लागतात: वेळापूर, नातेपुते, फलटण, वाल्हे, सासवड. जाताना लाखोंचा सागर, आता मोजकी मंडळी. कॅमेरे नसतात, रिंगणं नसतात. पाऊस मात्र भरात असतो, आणि वाटेवरच्या घरांतून भाकरी-पिठलं तितक्याच मायेनं पुढं येतं. मला ही वारी अधिक जवळची वाटते. इथं शेजारच्याचा टाळ वेगळा ऐकू येतो.

वद्य दशमीच्या सुमारास पालखी आळंदीत पोचते. दुसऱ्या दिवशी एकादशी असते, आणि चालून आलेले पाय पुन्हा कीर्तनाला उभे राहतात.