पाचवा गिअर
(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला बोलवलं तेव्हा संयोजक म्हणाले, "तू सॉफ्टवेअरवाली आहेस, एआयवर बोल." मी म्हटलं, त्यावर रोज कोणी ना कोणी बोलतंच आहे. मी माझ्या वडिलांच्या मारुती ८०० च्या गिअरबॉक्सवर बोलते. फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "दहा मिनिटांत आटप."

तर आटपते. पण यात एक जुनी उधारी आहे, ती मला आज सगळ्यांसमोर फेडायची आहे.

आमचे बाबा एमआयडीसीतल्या एका कंपनीत पाळीवर कामाला होते, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. तुमच्यापैकी निम्म्यांचे वडील एमआयडीसीत, उरलेल्यांचे अणुशक्ती केंद्रात, आणि बाकी सातपाटी-नवापूरच्या बाजूचे. १९९९ मध्ये बाबांनी १९९३ चं मॉडेल असलेली पांढरी मारुती ८०० घेतली, अर्थातच सेकंडहँड. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या चाळीतली ती पहिली चारचाकी. अख्ख्या चाळीची बाळंतपणं आणि लग्नाची वऱ्हाडं त्या गाडीने वाहिली.

मारुती ८०० रस्त्यावर आली डिसेंबर १९८३ मध्ये. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, चार गिअर. त्या काळच्या आपल्या रस्त्यांना चार गिअर भरपूर होते. २००० च्या सुमारास याच गाडीची पाच गिअरची आवृत्ती निघाली आणि जानेवारी २०१४ मध्ये ८०० बनणंच थांबलं. आमची गाडी मात्र थांबली नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायचं, हरित कर भरायचा, आणि बाबांनी रविवारी ती पुसायची, असं चालू होतं.

करोनानंतर मी घरून काम करायला बोईसरला परत आले. २०२२ च्या पावसाळ्यात गाडीचा तिसरा गिअर आपोआप सुटायला लागला. पालघर-मनोर रस्त्यावर वाघोबा खिंड चढताना मी दांडी हाताने दाबून धरायची. मी बाबांना म्हटलं, आता ही भंगारात देऊया. बाबा काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी जेवताना एवढंच म्हणाले, "गिअर सुटतोय. गाडी कुठे सुटली आहे?"

मग मी गाडी घेऊन गेले आपल्या एका वर्गमित्राच्या गॅरेजमध्ये. त्याचं नाव घ्यायचं नाही, ही त्याची अट आहे. तो इथेच बसला आहे, शेवटच्या रांगेत, म्हणजे शाळेत बसायचा तिथेच. तुम्ही ओळखलं असेलच. ज्यांनी ओळखलं नसेल त्यांनी आपल्या सायकलचं पंक्चर कोणाच्या वडिलांच्या दुकानात काढलं जायचं ते आठवावं.

त्याने गाडी एक चक्कर फिरवली आणि म्हणाला, "गिअरबॉक्स खोलून जुळवता येईल, पण सुटे भाग धड मिळत नाहीत. जुना चार गिअरचा मिळेल, तोही असाच झिजलेला. त्यापेक्षा पाचचा बसवू." मी इंजिनिअर ना! घरी येऊन एक्सेलमध्ये तक्ता केला. कोणत्या गाडीचा बसेल, दाते किती, खर्च किती. तक्ता फार सुंदर झाला होता.

गिअर म्हणजे काय, ते आपण नववीत शिकलो आहोत. सायकलचं पुढचं चाक ४८ दात्यांचं, मागचं १६ दात्यांचं, तर पायडलच्या एका फेरीत मागचं चाक तीनदा फिरतं. वेग वाढतो, पण तितकाच जोर घटतो. फुकट काही मिळत नाही. गाडीत उलटं असतं. इंजिन भरभर फिरतं, चाक सावकाश. आमच्या गाडीचं टायर एका फेरीत साधारण एक मीटर साठ सेंटीमीटर जातं. ताशी ८० किलोमीटरला ते मिनिटाला सव्वाआठशे-साडेआठशे वेळा फिरतं. चौथ्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या जवळपास चार फेऱ्या, म्हणजे इंजिन मिनिटाला सव्वातीन हजारांच्या वर फिरतं. पाचव्याने गाडीची ताकद वाढत नाही. तेवढ्याच वेगाला इंजिन कमी फिरतं, एवढंच.

ज्या कुर्ल्यात एके काळी प्रीमियर पद्मिनी बनायची, त्याच कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारातून आम्ही पाच गिअरचा बॉक्स आणला. टेम्पोत घालून नाही. लोकलने, गोणपाटात गुंडाळून, डहाणू गाडीच्या लगेजच्या डब्यात. तो गॅरेजच्या टेबलावर ठेवला आणि मी म्हटलं, बसवण्याआधी गुणोत्तर तपासू, फसवले गेलो असू तर आत्ताच कळेल. खडूने खुणा केल्या. चौथा गिअर टाकला. एका बाजूच्या एक्सलचं तोंड पान्याने अडवलं आणि इनपुट शाफ्ट हाताने वीस वेळा फिरवला. दुसरी बाजू माझ्या तक्त्याप्रमाणे पाच वेळा फिरायला हवी होती. फिरली दहा वेळा.

मी लगेच म्हटलं, "चुकीचा माल आहे. परत करायचा." फोनही हातात घेतला. तो शांतपणे हात पुसत होता. म्हणाला, "एक बाजू कोणी धरली आहे?"

"तू."

"मग तिच्या वाटणीच्या फेऱ्या कुठे गेल्या?"

दोन मिनिटं मी त्या बॉक्सकडे बघत राहिले. दोन्ही चाकांच्या मध्ये डिफरन्शियल असतं. वळणावर आतलं चाक कमी फिरतं, बाहेरचं जास्त, आणि दोघांची सरासरी तेवढीच राहते. एक चाक पूर्ण थांबवलं, तर दुसरं दुप्पट फिरतं. म्हणजे दहा म्हणजेच पाच. माल बरोबर होता. डिफरन्शियलवर मला इंजिनिअरिंगला दहापैकी नऊ गुण होते. पाचव्या गिअरमध्ये वीस फेऱ्यांना बारा आले, म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या सव्वातीन-साडेतीन. आता हिशेब जुळला.

तो फक्त हसला. आणि त्या हसण्याने मी थेट १९९५ मध्ये गेले.

नववीत तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन पालघरला होतं. तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात होतो, पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. आपल्या शाळेचा प्रकल्प होता गिअरचा. एका फळीवर सायकलची दातेरी चाकं, साखळ्या आणि एक हँडल. तुम्हाला आठवत असेल, आपल्याला दुसरं बक्षीस मिळालं होतं. प्रार्थनेनंतर माझं नाव पुकारलं होतं आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

ती फळी मी केली नव्हती. ती पूर्ण त्याने केली होती, वडिलांच्या दुकानात मागे बसून. चाकं त्याची, साखळ्या त्याच्या, ४८ आणि १६ ची जोडी निवडली तीही त्यानेच. मी फक्त परीक्षकांसमोर बोलले. मला बोलता यायचं, त्याला नाही. अर्जावर एकाच नावाची जागा होती, तिथे माझं नाव गेलं. कोणी मुद्दाम केलं नाही. पण "सर, हे त्याने केलंय" हे चार शब्द मला म्हणता आले असते. मी म्हटले नाहीत. प्रमाणपत्र आईने चौकटीत लावलं, आणि ते तीस वर्षं आमच्या भिंतीवर होतं. पुढच्या वर्षी तो मार्चला गणितात राहिला, ऑक्टोबरला सुटला. तेव्हा मी मनात काय म्हटलं होतं ते आज सांगायची लाज वाटते. "त्याला गणित जमतच नाही," असं म्हटलं होतं.

त्या संध्याकाळी गॅरेजमध्ये मी त्याला प्रमाणपत्राचं बोलले. तो बोल्ट मोजत होता. म्हणाला, "मला आठवतंय. तू तेव्हा छान बोलली होतीस." यापेक्षा तो चिडला असता तर बरं झालं असतं.

काम तीन दिवस चाललं. बॅटरीची तार काढली, गिअर ऑइल उतरवलं, इंजिनाखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकवर तोललं, एक्सल ओढले, स्टार्टर उतरवला, क्लच आणि स्पीडोमीटरची केबल सोडवली, मग जुना बॉक्स खाली घेतला. पाच गिअरचा बॉक्स टोकाला थोडा लांब, म्हणून डावीकडचं माउंटिंग त्याचंच लागलं, गिअरच्या दांडीचा जोडही त्याचाच. इनपुट शाफ्टच्या खाचा क्लच प्लेटमध्ये बसतात का ते आधी हाताने घालून पाहिलं. एक्सल मापून घेतले. खोललंच आहे तर क्लच प्लेट, बेअरिंग आणि ऑइल सील नवीन टाकले, कारण दोनशे रुपयांच्या सीलसाठी पुन्हा सगळं उतरवणं परवडत नाही. इंजिनाला हात लावला नाही, कारण त्याचा नंबर नोंदणीच्या कागदावर असतो. तुमच्यापैकी कोणाला असलं काही करायचं असेल, तर आधी आरटीओत विचारून घ्या. आम्हीही विचारलं होतं.

माझा उपयोग एकदाच झाला. गाडी सुरू झाल्यावर स्पीडोमीटर जास्त वेग दाखवतोय, हे मी मोबाइलच्या जीपीएसशी ताडून पकडलं. त्याने केबलच्या टोकाचा छोटा गिअर बदलला. तेव्हा तो म्हणाला, "हे मला कळलं नसतं." मला नऊ गुणांपेक्षा त्याचा जास्त आनंद झाला.

पहिली फेरी बाबांना घेऊन मारली. बोईसरहून चिल्हार फाट्यापर्यंत पाचवा टाकायला जागाच मिळाली नाही. ट्रक, खड्डे, रिक्षा. हायवेला लागलो, ताशी ८० ला मी दांडी उजवीकडे नेऊन वर सरकवली. इंजिनाचा आवाज एकदम खाली बसला. बाबा दचकले. "बंद पडली का गं?" मी म्हटलं, "नाही बाबा, पाचवा पडला." मस्तान नाक्यापर्यंत ते गप्प होते. मग म्हणाले, "तेवीस वर्षं उगाच ओरडायला लावली बिचारीला."

हिशेबही सांगते, कारण शेवटी मी तक्तेवाली आहे. सगळा खर्च झाला १९,००० रुपये. टाकी भरून मोजलं, तर हायवेवर लिटरला १७ ऐवजी साडेअठरा किलोमीटर मिळाले. म्हणजे १०० किलोमीटरमागे साधारण पन्नास रुपये वाचतात. पैसे वसूल व्हायला ३८,००० किलोमीटर पळावं लागेल, तेही हायवेवर. बोईसर-पालघर फेऱ्यांत पाचव्याचा उपयोग शून्य. व्यवहार म्हणून हा आतबट्ट्याचाच आहे. पण २०२३ मध्ये गाडीचं चौथं नूतनीकरण झालं, बाबा अजून रविवारी ती पुसतात, आणि मला तीस वर्षांनी एक वर्गमित्र मिळाला.

आता उधारीचं. मी त्याला ते प्रमाणपत्र द्यायला गेले, तर तो म्हणाला, "कागद घेऊन मी काय करू? गॅरेजमध्ये काळा होईल." मग विचारलं, "जुना गिअरबॉक्स भंगारात देऊ?" मी नको म्हटलं. पुढचे काही रविवार आम्ही दोघांनी तो धुतला, ग्राइंडरने त्याच्या अॅल्युमिनियमच्या आवरणाला खिडकी कापली, पोरांची बोटं जाऊ नयेत म्हणून वर ॲक्रेलिकचं झाकण बसवलं आणि एका टोकाला हँडल लावलं. तो तिसरा गिअर अजूनही सुटतो. मुद्दाम तसाच ठेवला आहे. झिजलेला भाग कसा दिसतो, हेही पोरांना कळू दे.

मुख्याध्यापकांच्या परवानगीने तो आजपासून शाळेच्या प्रयोगशाळेत राहील. आत्ता बाहेर व्हरांड्यात टेबलावर आहे. चहाला जाताना सगळ्यांनी हँडल फिरवून पाहा. आधी दोन्ही बाजू मोकळ्या सोडा, मग एक बाजू हाताने धरा आणि दुसऱ्या बाजूच्या फेऱ्या मोजा. खाली पितळी पाटी आहे. तिच्यावर दोन नावं आहेत. पहिलं त्याचं आहे.

सर, हे त्याने केलंय.