रात्रपाळीला दोष देऊ नका



हृदयरोगतज्ज्ञांमध्ये स्त्रिया इतक्या कमी का, हा आजचा विषय. बेज्जूरला बसून ही उठाठेव कशाला, असे कुणाच्या मनात आले असेल तर त्याला नावे ठेवता येणार नाहीत. छातीत कळ आली की आधी गाडी शोधायची, कागजनगर गाठायचे आणि तिथून पुढे मोठ्या शहराची वाट धरायची, ही इथली तऱ्हा. डॉक्टर वेळेत भेटला तरी मिळवली. तो बाप्या की बाई हे कोण बघतो? या आक्षेपाकडे मी येणारच आहे. आधी प्रश्न नीट मांडू. अमेरिकेत मेडिसिनचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांत मुली 40 टक्क्यांच्या पुढे आहेत. हृदयरोगतज्ज्ञांत त्या सुमारे 15 टक्के उरतात आणि अँजिओप्लास्टी करणाऱ्यांत 10 टक्क्यांच्याही आत. आपल्याकडे एमबीबीएसच्या वर्गात आता मुली निम्म्याच्या आसपास असतात. पण मोठ्या रुग्णालयाच्या कॅथलॅबबाहेरची, म्हणजे अँजिओप्लास्टीच्या खोलीबाहेरची, नावांची पाटी वाचा, चित्र तेच दिसेल. बाई असलीच तर इकोच्या खोलीत किंवा लहान मुलांच्या विभागात. यावर सगळ्यांकडे एक तयार उत्तर असते: काम जिवावरचे, रात्री-अपरात्रीचे, बायकांना ते झेपत नाही किंवा नको असते. माझे म्हणणे असे की हे उत्तर सोयीचे आहे, खरे नाही. डॉक्टर मुलीची आवड म्हणून जे आपण मोजतो, ते तिच्यासमोर आधीच मांडून ठेवलेल्या व्यवस्थेचे मोजमाप असते.

ते उत्तर पहिल्यांदा अडखळते प्रसूतिशास्त्रापाशी. बाळंतपण घड्याळ पाहून होत नाही. कळा मध्यरात्री सुरू होतात, बाळाचे ठोके पहाटे तीनला मंदावतात, बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला तर हातात मोजकी मिनिटे असतात. हार्ट अटॅकमध्ये बंद पडलेली रक्तवाहिनी रुग्ण दारात आल्यापासून 90 मिनिटांत उघडावी असा दंडक आहे. तातडीचे सिझेरियन त्याहून कमी वेळात करावे लागते. दगावण्याची भीती तीच, नातेवाइकांचा संताप तोच, मोडलेली झोपही तीच. तरीही स्त्रीरोग आणि प्रसूती हा डॉक्टर मुलींचा हक्काचा विषय समजला जातो. वडील त्याला हरकत घेत नाहीत, सासरचेही खूश असतात. रात्र हीच खरी अडचण असती, तर सगळ्यात आधी बाळंतपणाचे वॉर्ड ओस पडले असते.

मग हा विषय बायकांचा झाला कसा? तो केला गेला. आनंदीबाई जोशी 1886 मध्ये फिलाडेल्फियाहून एम.डी. झाल्या, त्यांच्या प्रबंधाचा विषयच हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. परत येताना कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभाग त्यांची वाट पाहत होता. दुर्दैवाने 1887 च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. पडद्यातल्या बाईला पुरुष डॉक्टर चालत नव्हता, म्हणून 1885 मध्ये डफरिन फंड उभा राहिला, 1886 मध्ये मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झाले. रखमाबाई 1894 मध्ये लंडनहून डॉक्टर होऊन आल्या आणि त्यांनी सुरत व राजकोट इथे स्त्रियांच्याच रुग्णालयांत जन्म काढला. म्हणजे रुग्ण, इमारत, पैसा, वरिष्ठ पदावर बसलेली बाई आणि समाजाची मान्यता अशी सगळी मांडामांड आधी झाली. मुलींची आवड तिच्यामागून आली. हृदयरोगाच्या बाबतीत अशी मांडामांड कुणी केलीच नाही, आणि आता आपण मुलींना विचारतो, तुम्हाला आवड का नाही?

शिवाय व्यवसायाचा हिशोब आहे, ज्याबद्दल आपण फारसे बोलत नाही. आपल्या तालुक्याच्या गावात डॉक्टर दांपत्याची पाटी सगळ्यांच्या ओळखीची आहे: तो एम.डी. मेडिसिन, ती डीजीओ, म्हणजे स्त्रीरोग-प्रसूतीची. खाली दवाखाना, वर घर. रात्री बाळंतीण आली तर बाई दहा पायऱ्या उतरून खाली येते, मूल वर आजीजवळ झोपलेले असते. प्राणहितेच्या पलीकडे गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचे काम उभे करणाऱ्या बंग दांपत्यातही अभय मेडिसिनचे आणि राणी स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत. राणी बंगांनी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलेल्या अभ्यासाने खेड्यातल्या बाईच्या आजारांकडे जगाचे लक्ष वळवले, तेव्हा हा विषय दुय्यम आहे असे मला मुळीच सुचवायचे नाही. मुद्दा घराचा आणि कामाच्या जागेचा आहे. कॅथलॅब घराखाली काढता येत नाही. तिला कोट्यवधींचे भांडवल लागते, म्हणून हृदयरोगतज्ज्ञ मोठ्या रुग्णालयाला बांधलेला असतो आणि त्याची प्रॅक्टिस चालते रेफरन्सवर. गावोगावचे फॅमिली डॉक्टर पेशंट कुणाकडे पाठवतात, हे बऱ्याचदा संध्याकाळच्या बैठकांत, जेवणावळींत आणि कॉलेजच्या जुन्या दोस्तीत ठरते. बाई तिथे एक तर नसते, किंवा असली तरी परकी असते. हाताचे कसब सारखे असूनही तिच्या टेबलावर केसेस कमी येतात. आणि केसेस कमी आल्या की कसब सारखे राहत नाही.

त्यात वर्षांच्या हिशोबाची भर. साडेपाच वर्षे एमबीबीएस, तीन एम.डी., तीन डी.एम. ही हृदयरोगाची अतिविशेष पदवी; मध्ये प्रवेशपरीक्षांची दोन वर्षे आणि सरकारी सेवेचा बाँड धरला तर तिशी उलटते. मुलाच्या बाबतीत या वर्षांत घरचे म्हणतात, शिकू दे, लग्नाचे बघू. मुलीच्या बाबतीत याच वर्षांत लग्न, पहिले मूल आणि नवऱ्याच्या बदलीचे गाव ठरते. प्रसूतीची रजा 2017 पासून कायद्याने 26 आठवड्यांची झाली, हे चांगलेच झाले; पण निवासी डॉक्टरने ती घेतली की अभ्यासक्रम तेवढा लांबतो आणि तिच्या ड्यूट्या सहकाऱ्यांच्या माथी येतात, कारण बदली माणूस मिळत नाही. मग राग व्यवस्थेवर न निघता तिच्यावर निघतो. अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांच्या 2015 च्या पाहणीत मुलांना सांभाळणारा जोडीदार घरी आहे असे सांगणारे पुरुष निम्म्याहून अधिक होते. बायकांत अशी दहांत एखाददुसरीच. या शाखेचे वेळापत्रक घरी कुणीतरी आहे असे गृहीत धरून आखलेले आहे. त्या कुणीतरीचा पगार कोणत्याही रुग्णालयाच्या खर्चात दिसत नाही.

इथे किरणोत्सर्गाचा आक्षेप येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कॅथलॅबमध्ये दिवसभर क्ष-किरणांच्या सान्निध्यात उभे राहावे लागते. गरोदर बाईने हा धोका का पत्करावा? आता आकडे पाहू. आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची कर्मचाऱ्यांसाठीची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आहे, आणि पोटातल्या गर्भासाठी एक मिलिसिव्हर्ट. लेड एप्रनच्या आत, पोटाच्या पातळीवर किरणोत्सर्ग मोजणारा दुसरा बॅज लावून मोजले, पडदे नीट वापरले, तर ही मर्यादा पाळता येते. म्हणूनच अनेक देशांतल्या वैद्यकीय संघटना गरोदरपणातही, तिची स्वतःची इच्छा असेल तर, हे काम तिला नाकारू नये असे सांगतात. याची दुसरी बाजू जास्त बोलकी आहे. किरणोत्सर्ग पुरुषालाही सोडत नाही. या कामात डोळ्याच्या भिंगावर डाग येतात, पाच-सहा किलोंचा एप्रन वर्षानुवर्षे वागवून पाठ आणि मान जाते. पण ‘तुझ्या डोळ्यांसाठी हा विषय सोड’ असे कुठल्या मुलाला सांगितलेले ऐकले आहे का? धोका त्याच्यासाठी शौर्य ठरतो आणि तिच्यासाठी मनाई.

दुसरा आक्षेप जास्त सभ्य आहे: स्त्रियांनी विचारपूर्वक जे निवडले त्याचा मान राखा, त्यांना ढकलू नका. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अमेरिकेतल्या अकराशेहून अधिक शिकाऊ डॉक्टरांना विचारले गेले, तेव्हा मुलींनी आणि हृदयरोग न निवडणाऱ्यांनी घर-कामाच्या मेळाला महत्त्व दिले, या शाखेत कुटुंबाची ओढाताण होते असे सांगितले. मुलांनी आणि ती शाखा निवडणाऱ्यांनी व्यवसायातल्या आव्हानांना आणि लाभांना. यावरून कुणी म्हणेल, झाले, आवडच वेगळी. पण त्या मुलींनी हृदयाविषयी नव्हे, नोकरीच्या अटींविषयी मत दिले आहे. अटी बदलल्या तर काय होते, याचा पडताळा हृदयरोगाच्या पोटातच सापडतो. लहान मुलांच्या हृदयरोगतज्ज्ञांत स्त्रियांचे प्रमाण कितीतरी जास्त आहे. तिथे रात्री सौम्य नसतात. निळे पडलेले दोन दिवसांचे बाळ मोठ्या माणसाच्या अटॅकइतकीच घाई करते. फरक इतकाच की तिथे सुरुवातीलाच बाई उभी होती. हेलन टाउसिग यांना 1930 मध्ये जॉन्स हॉपकिन्सचा मुलांच्या हृदयाचा दवाखाना मिळाला तो मोठा सन्मान म्हणून नव्हे. या मुलांवर तेव्हा उपायच नव्हता, त्या कोपऱ्यासाठी कुणी भांडत नव्हते. ऐकू येईनासे झाले तेव्हा त्या बोटांनी हृदयाची धडधड तपासू लागल्या. निळ्या बाळांच्या फुप्फुसांकडे जास्त रक्त वळवण्याची कल्पना त्यांची. शल्यविशारद ब्लॅलॉक यांनी ती शस्त्रक्रिया 1944 च्या नोव्हेंबरमध्ये केली. टाउसिग यांच्याकडे शिकून आलेल्या एस. पद्मावती भारतातल्या पहिल्या स्त्री हृदयरोगतज्ज्ञ. 2020 मध्ये वयाच्या 103 व्या वर्षी त्या कोविडने गेल्या.

आणि आता बेज्जूरचा आक्षेप: रुग्णाला काय फरक पडतो? पद्मावतींचेच उदाहरण घ्या. फुप्फुसांच्या जुनाट विकाराने हृदयाची उजवी बाजू निकामी होते, हा आजार पाश्चात्य पुस्तकांत सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा. 1959 मध्ये त्यांनी आणि पाठक यांनी दिल्लीतील 127 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात धूम्रपान न करणाऱ्या बायका लक्षणीय संख्येने निघाल्या, आणि बोट वळले चुलीच्या धुराकडे. पुरुष डॉक्टरला हे दिसलेच नसते असे मी म्हणत नाही. पाठक सोबत होतेच. पण कुठला प्रश्न विचारायचा, हे विचारणारा कुठल्या घरात वाढला यावर थोडेतरी अवलंबून असते. फ्लोरिडातील 1991 ते 2010 या काळातील हार्ट अटॅकच्या नोंदींवरील एका मोठ्या अभ्यासात पुरुष डॉक्टरांकडे आलेल्या स्त्री-रुग्णांचे मृत्यू तुलनेने जास्त आढळले. ज्या विभागांत स्त्री डॉक्टर अधिक, तिथे पुरुष डॉक्टरांचीही कामगिरी सुधारलेली दिसली. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही, हे मान्य. तरी आपल्याकडचा अनुभव त्याला जुळतो. बाईला अटॅक आला तर छातीत कळ येण्याऐवजी कधी धाप लागते, जबडा दुखतो, मळमळते. ‘पित्त झाले असेल’ म्हणून ती सोडा पिऊन निजते, घरचेही निजू देतात. तिच्या दुखण्यावर विश्वास ठेवणारा डॉक्टर पहिल्याच पायरीवर हवा.

उरला जागा फुकट जाण्याचा हिशोब. मुलीने डी.एम.ची जागा अडवली आणि उद्या घरी बसली तर? हा प्रश्न सरकारी पैशाने शिकून कायमचे परदेशी गेलेल्या मुलांबद्दल विचारला जात नाही. त्यांचा गावात सत्कार होतो. आणि हृदयशस्त्रक्रियेच्या अतिविशेष जागा तर गेली काही वर्षे मुलगे-मुली दोघांकडूनही रिकाम्या राहत आहेत, तेव्हा राखून ठेवायचे तरी कुणासाठी? मुलगी घरी बसते तेव्हा ती कशामुळे बसली, हे पाहावे लागेल. निवासी डॉक्टरांना सलग बारा तासांहून जास्त ड्यूटी शक्यतो देऊ नये, असे केंद्राने 1992 मध्येच लिहून ठेवले आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये कोलकात्यात आर. जी. कर रुग्णालयात ड्यूटीवरच्या शिकाऊ डॉक्टरवर बलात्कार होऊन तिचा खून झाला, तेव्हा विश्रांतीसाठी तिला सभागृहाचा आडोसा घ्यावा लागला होता हे देशाला कळले. कुलूप असलेली खोली, रजेच्या काळात बदली डॉक्टर, वसतिगृहालगत पाळणाघर, मापाचा एप्रन: यातली एकही गोष्ट कॅथलॅबच्या किमतीच्या जवळपास जात नाही.

आपल्या जिल्ह्यात आसिफाबादला 2023 मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झाले. त्या पहिल्या तुकडीतली एखादी मुलगी कुठेही न अडखळता, एकही वर्ष वाया न जाता सरळ पुढे गेली, तर 2035 च्या सुमारास डी.एम. होईल.