लहान कारखाना आणि मोठ्यांची उधारी



कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात कधी एक चक्कर मारून पाहा. कुणाकडे पॅटर्न बनतोय, कुणाच्या लेथवर कास्टिंग मापात उतरतेय, तर कुणी नुसते ड्रिलिंगचे जॉबवर्क करतोय. रेतीच्या साच्यात लोखंड ओतणाऱ्या मोठ्या फौंड्र्या आता बऱ्याचशा शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत आहेत. ट्रॅक्टर, मोटारी, पंप यांचे सुटे भाग तिथून बाहेरगावी जातात.

हा धंदा उसाच्या मागून आला. उसाला पाणी हवे म्हणून नदीकाठी ऑइल इंजिने बसली, गुऱ्हाळांवर चरक फिरू लागले. ऐन हंगामात यंत्र बंद पडले, तर सुटा भाग मुंबईहून येईपर्यंत ऊस काही थांबत नाही. मग इथल्या मिस्त्रींनी तुटलेला भाग समोर ठेवून तसाच दुसरा घडवला. असे करता करता अख्खी इंजिनेच कोल्हापुरात बनू लागली.

विकसनशील देशात लघुउद्योग कशासाठी, याचे नेहमीचे उत्तर म्हणजे कमी भांडवलात जास्त हातांना काम. ते बरोबरच आहे. पण मला त्याहून मोठे वाटते ते वेगळेच. लेथवर उमेदवारी करणारा मुलगा काही वर्षांनी एक जुने मशीन घेतो, भाड्याच्या गाळ्यात मांडतो आणि स्वतः कारखानदार होतो. कास्टिंग शेजारी मिळते, हत्यारे पलीकडच्या गल्लीत, आणि अडले तर सांगणारा जुना मिस्त्री चहाच्या गाडीवर भेटतो. भांडवल तुटपुंजे असले तरी हे आधीपासून तयार असते. ज्या देशात भांडवल कमी आणि माणसे जास्त, तिथे कारखानदार घडवणारी ही शाळाच फार मोलाची.

आपल्या नियोजनकारांनी हे ओळखले होते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या तोंडावर, 1955 मध्ये, पुण्याचे अर्थतज्ज्ञ द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली ग्रामोद्योग आणि लघुउद्योगांसाठी समिती नेमली गेली. मोठे प्रकल्प पोलाद आणि यंत्रे बनवतील, पण रोजच्या वापराच्या वस्तू आणि रोजगार यांचा भार विखुरलेल्या छोट्या उद्योगांनी उचलावा, असा तो विचार होता. पुढे 1967 मध्ये 47 वस्तू लघुउद्योगांसाठी राखीव ठेवल्या गेल्या, आणि ही यादी वाढत वाढत आठशेच्या वर गेली.

हेतू चांगला होता, पण त्यात एक मेख होती. यंत्रसामग्रीतली गुंतवणूक ठराविक मर्यादेपलीकडे गेली की सवलत जायची. मग धंदा चांगला चाललेला कारखानदार नवे मशीन घेण्याऐवजी भावाच्या नावावर दुसरे युनिट काढायचा. वाढण्याचीच शिक्षा असेल, तर कोण वाढेल? यादीतल्या शेवटच्या 20 वस्तू 2015 मध्ये वगळल्या गेल्या आणि ते पर्व संपले.

आज खरी अडचण कुठे आहे? बहुतेक जण म्हणतील, कर्ज मिळत नाही. तेही खरे. पण कारखानदाराला विचारा, तो आधी उधारीचे नाव घेईल. धरा, एखादा कारखाना महिन्याला दहा लाखांचा माल देतो आणि मोठी कंपनी तीन महिन्यांनी पैसे चुकते करते. म्हणजे त्याचे तीस लाख कायम बाहेर अडकलेले. इकडे भंगार आणि पिग आयर्न घ्यायला पैसे हवेत, विजेचे बिल थांबत नाही, शनिवारी कामगारांचा पगार आहेच. बिल फाडले की त्यावरचा जीएसटीही भरावा लागतो, गिऱ्हाइकाचे पैसे आलेले असोत वा नसोत. ही तूट भरायला तो बँकेची कॅश क्रेडिट वापरतो आणि व्याज भरतो. थोडक्यात, मोठ्या कंपनीला खेळते भांडवल लहान कारखानदार पुरवतो आहे, आणि तेही बिनव्याजी!

कायदा नाही असे नाही. 2006 च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे आहेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण आपल्या एकमेव मोठ्या गिऱ्हाइकावर दावा कोण लावणार? व्याज मिळेल, पुढची ऑर्डर मिळणार नाही. म्हणून एप्रिल 2024 पासून लागू झालेली आयकराची तरतूद मला जास्त कामाची वाटते. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा दाखवता येत नाही. इथे लहान माणसाला तक्रार करावी लागत नाही. खरेदीदाराच्या हिशेबातच चाप बसतो. अर्थात, हा चाप लघुउद्योग म्हणून नोंदणी केलेल्यांच्या बिलांपुरताच, म्हणून काही खरेदीदार नोंदणी नसलेल्यांकडे वळतील, हा धोका आहे. त्यावर उपाय हाच की जास्तीत जास्त लहान उद्योगांनी नोंदणी करून घ्यावी, आणि सरकारी खात्यांनी व महामंडळांनी आपली देणी आधी वेळेवर चुकती करावीत.

श्रोतेहो, अनुदानाची नवी योजना जाहीर झाली की बातमी होते. पंचेचाळिसाव्या दिवशी बिल चुकते झाले, याची बातमी होत नाही. पण त्या पैशातूनच पुढचे मशीन येते, आणि त्या मशीनवर आणखी एक मुलगा उमेदवारीला लागतो.